पत्र्याची खोली मागून घेतलेला भाडेकरू

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कोन कोन व्हतं ते आधी सांगते, म्हंजे पुढं घोटाळा व्हायचा न्हाय. आमचे मालक व्हते, खाटेवर. मी व्हते. माझा ल्योक दत्ता पुण्याला कंपनीत, त्यो सुट्टीपुरता यायचा. टेंभुर्णीची माझी थोरली नणंद कृष्णाक्का मागनं आली आन् मुक्कामाला ऱ्हायली. भिंतीला भिंत लागून शमाभाभीचं घर, ती दिसातनं चार चकरा मारायची, म्हंजे ती बी घरातलीच धरा. आन् पुढच्या खोलीत भाड्यानं सायेब. ह्यातली निम्मी मान्सं आता न्हाईत.

सायबाचं नाव लिहीत न्हाय. आमच्या गल्लीत त्येंना समदी सायेबच म्हनायची, मी बी तसंच म्हनते.

त्येंचं काम काय, ते मला कुनी इचारलं तर सांगताना माझी जीभ अडकायची. समुद्राकाठच्या मोठ्या शहरात उंच उंच बिल्डिंगी हायत, त्येंच्यात गार हवेची मशीन केवढी बसवायची ह्येचा हिशोब त्येंनी जलमभर केला. एका दवाखान्यात म्हनं बाळांच्या खोलीत ऊब पायजे आन् शेजारच्या आपरेशनच्या खोलीत गारवा, मधी एकच भिंत. तसला हिशोब. मशीन इकायचं न्हाय, बसवायचं न्हाय. केवढं पायजे तेवढं सांगायचं आन् घरी जायचं.

शमाभाभीला ह्ये कळलं तवा ती कमरेवर हात ठेवून हसली. "हौ क्या बाई! हवा मापने का भी पगार देते क्या जी लोगां?"

आमच्या सोलापुरात एक मोठं मंगल कार्यालय बांधाय लागलं व्हतं. त्येच्या मालकानं ह्येंना लांबनं बोलवून घेतलं व्हतं. ऱ्हायला खोली पायजे. सायबानं आधी स्लॅबच्या दोन-तीन चांगल्या खोल्या बघितल्या, पंखा-नळ समदं असलेल्या, आन् त्या सोडून आमची पत्र्याची खोली मागितली. मला वाटलं मान्साचं डोस्कं ठिकान्यावर न्हाय. मी म्हनलं, "सायेब, दोपारी ह्या खोलीत भाकरी भाजंल."

त्येंनी उलटा हात भिंतीला लावला. तळवा न्हाय, हाताची पाठ. ताप बघताना आपन लेकराच्या कपाळाला लावतो तसा. मग म्हनले, "बाई, स्लॅब लबाड असतो. दिवसा ऊन पोटात घालतो आणि रात्री आपण झोपलो की बाहेर काढतो. पत्रा सरळ आहे. सूर्य गेला की तोही गेला. मला सरळ माणसांबरोबर राहायला आवडतं."

आन् ऱ्हायले.

कुठल्या बी घरात शिरले की त्ये असाच उलटा हात लावायचे, भिंतीला, दाराला, पत्र्याला. लोक देवाला हात जोडत्यात, ह्ये भिंतीची नाडी बघायचे. किरान्याच्या दुकानात गेले तरी साखर मागायच्या आदी इचारायचे, "दुपारी ऊन कुठल्या बाजूनं येतं?" दुकानदार म्हनायचा, "सायेब, ऊन फुकट हाय, पायजे तेवढं न्या की."

मान्साला त्ये बल्ब म्हनायचे. बसलेला मानूस एक बल्ब, जेवनारा दीड, भांडनारा दोन. म्हंजे तेवढी उष्णता त्येच्या अंगातनं खोलीत येती. एकदा सांजच्याला टँकरवाल्यासंगं माझं जुंपलं, त्यो आमच्या गल्लीला वळसा घालून चालला व्हता. मी वरडत वरडत घरात आले तर सायेब दारात उभे. "बाई, तुमचे दोन्ही पेटलेत. जरा बाहेरच थांबा, आत मालक झोपलेत." मला राग बी आला आन् हसू बी. थांबले भाईरच.

त्येंच्या दारावर खिळ्याला ताप मापायची दोन नळकांडी टांगलेली असायची. एक कोरडं, दुसऱ्याच्या बुडाला वल्ल्या सुताची चिंधी. शमाभाभी जाता-येता इचारायची, "इसकू जुकाम हुआ क्या जी? गीला कपडा काय को बांधे?" सायेब रागवायचे न्हाईत. रोज सकाळी चिंधीवर पानी सोडायचे आन् दोन्हीत फरक किती पडला ते बघून खुश व्हायचे. मला म्हनायचे, "तुमच्या गावची हवा तहानलेली आहे, बाई. हिला पाणी दाखवलं की गटागटा पिते आणि गार होते. आमच्या समुद्राकडची हवा पोट भरून बसलेली असते. तिला आणखी पाणी पाजलं तर ती आपल्याच अंगावर ओकते."

तवा मला त्येचं काय पडलं नव्हतं. मी हूं म्हनायची आन् कामाला लागायची.

माझं काम काय ते सांगते. मालक टेम्पो चालवायचे, सुताचे गठ्ठे वढायचे. संक्रांतीच्या आधी त्येंना लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलनं गेलं. डावा हात आन् डोळं तेवढं उरलं. मी टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला जायची, सकाळी जाऊन दोपारी यायची. जायच्या आधी त्येंचं समदं करायचं, आल्यावर परत करायचं. कुशीवर फिरवायचं, पाठ पुसायची, पावडर लावायची, पेज भरवायची, चादरी धुवायच्या. कंटाळा आला म्हनायला बी येळ लागतो. तेवढा नव्हता.

डाक्टरनं जाताना मला भाईर घेऊन सांगितलं, "आजी, उन्हाळा जपा. ह्यांना तहान सांगता येत नाही, उकडतंय सांगता येत नाही. उन्हाळा निघाला तर माणूस निघाला." म्हंजे ह्यो उन्हाळा पार पडला तरच मालक वाचायचे, एवढं मला कळलं. आमच्यावर पत्रा. चैतातच दोपारचा तडतड वाजाय लागला.

मंगल कार्यालयाचा मालक एकदा आमच्या दारातच आला, पांढऱ्या गाडीतनं. मी तांदूळ निवडत बसले व्हते, समदं ऐकलं. त्यो म्हनला, "सायेब, एकच सांगतो. मे म्हैन्यात माझ्या हालमधी वरमाईला शाल लागली पायजे. एवढं मोठं मशीन लिहा."

सायेब म्हनले, "भज्यांची कढई आत आहे की बाहेर?"

"आँ? त्ये आचारी बघंल की."

"एका पंगतीला किती माणसं?"

"बसतील तेवढी. तुमी टनात बोला की राव."

"नवरदेव वेळेवर येतो का तुमच्याकडं?"

त्यो मानूस खदाखदा हसला. "सोलापुरात? कोन येतंय येळेवर! वरात चौकातच तासभर नाचती."

"मग तासभर दार उघडं राहणार. सगळे दारात उभे राहून वाट बघणार. उघड्या दाराला पुरेल एवढं मशीन जगात कुणी केलेलं नाही. दाराच्या आत आणखी एक दार काढा, मधे पडवी ठेवा. मग मी तुम्हाला निम्मं मशीन लिहून देतो, आणि वरमाई शालीशिवाय सुखात बसेल."

"वास्तूवाल्यानं तितं दार न्हाय सांगितलं."

"मग मशीनही वास्तूवाल्यालाच विचारा."

झालं. गाडी गेली. सायबाचं काम बी गेलं. मी म्हनलं, "सायेब, त्येला हवं तेवढं मोठं लिहून द्यायचं की. तुमच्या बाचं काय जातंय?"

त्ये खाली माझ्या पाटीजवळ बसले आन् तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला. म्हनले, "मोठं मशीन म्हणजे घाईतला पाहुणा, बाई. आला, चहा प्याला, निघाला. खोली झटकन गार करतं आणि बंद पडतं. हवेतली ओल काढायला त्याला सवड नसते. आमच्याकडं एका म्हाताऱ्यांच्या आश्रमात असं बसवलं होतं. भिंती गार, अंथरुणं ओली. सगळे खोकायचे आणि मशीनचं कौतुक करायचे." काम गेल्यावर बी त्ये परत गेले न्हाईत. जायला कुटं नसंल म्हनून ऱ्हायले आसतील. मी इचारलं न्हाय.

दत्ता सुट्टीला आला त्यो मोठा एसी घ्यायचं ठरवूनच आला. बापाची दशा बघून पोराचा जीव वरखाली व्हत व्हता. सायेब मालकांच्या खोलीत आले, हाताची पाठ समद्या भिंतींना लावली, खाटेवर चढून पत्र्याला लावली आन् चटका बसला तसा हात झटकला. "चूल कुठं आहे?"

"ह्याच खोलीत, कोपऱ्यात," मी म्हनलं.

"ती आज बाहेर जाईल. मशीनचं नंतर बोलू."

दत्ता तापला. "सायेब, तुमी मशीनवाले आसून मशीन नको म्हनता? माझा बा भाजतोय हितं."

"तुमच्या ह्या वायरला तेवढा एसी लावला तर आधी वायर भाजेल. आणि वर पत्रा तसाच ठेवून खाली गार हवा सोडायची म्हणजे चुलीवर बर्फ ठेवण्यासारखं आहे. आधी ऊन बाहेर ठेवू. मग उरेल तेवढ्यासाठी काय लागतं ते मी सांगतो."

दत्ता लई येळ पायानं माती उकरत उभा ऱ्हायला. मग चुना आनायला गेला.

पत्र्याला वरनं चुना मारला. त्येच्यावर कडब्याच्या पेंढ्या पसरून दगडं ठेवली. आतनं जुन्या चादरी जोडून मंडपासारख्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी बघतोय तर शमाभाभीची शेळी पत्र्यावर. सायेब खालनं वरडाय लागले, "भाभी, तुमची शेळी आमचा गारवा खातेय!" भाभी वरडली, "खाने दो जी, उसकू भी गरमी होती!" पर बांधली तिनं शेळी.

मग कूलर. एका खिडकीत भाईरच्या अंगाला कूलर बसवला, आन् समोरची खिडकी वीतभर उघडी. सायबानं मला तितं उभं करून सांगितलं, "बाई, एवढं एकच ध्यानात ठेवा. इकडून आली की तिकडून गेली पाहिजे. ती पाणी पिऊन झाली की तिला जाऊ द्या. खिडकी लावलीत तर दोन तासांत तुमचं सोलापूर समुद्रकाठी येईल."

त्या दोपारी मालक झोपले. लकवा झाल्यापास्नं दोपारचे झोपले नव्हते. त्येंचा डावा हात छातीवर पडला व्हता आन् बोटं सुटी व्हती. मी भाईर येऊन पायरीवर बसले. दत्ता बी बसला.

दत्ता सुट्टी संपली तसा पुण्याला गेला, आन् वैशाखात कृष्णाक्का आली. मालकांची थोरली भन. आई लवकर गेली म्हनून तिनंच त्येंना अंगाखांद्यावर वाढवलं व्हतं. ती आल्या आल्या सायेब म्हनले, "आणखी एक बल्ब." मी त्येचा अर्थ सांगितला तर तिचा पारा चढला. "मला बल्ब म्हंतो मेला? कोन हाय ह्यो? घरात परका मानूस कशाला ठेवलाय गं?" त्यातनं भावाला बघायला पावनी-रावळी यायची, खाटेभवती गोल करून बसायची, आन् सायेब दारात उभं ऱ्हाऊन म्हनायचे, "दोघं आत, बाकीचे बाहेर." करकंबच्या एका पावन्यानं तर चप्पल घातली आन् चहा न घेता गेला. अक्काला त्यो मोठा अपमान वाटला.

पर तिचा खरा राग कूलरवर व्हता. आमच्याकडं लकव्याच्या मान्साला वारं लागू देत न्हाईत. कानाला फडकं बांधत्यात, दारं लावत्यात, कबूतराचं रगत चोळत्यात, काय काय करत्यात. अक्का म्हनायची, "वाऱ्यानंच त्येचं अंग गेलं आन् तुमी त्येच्यावर भसाभसा वारं सोडलंय? मारताय का माझ्या भावाला?" मी म्हनलं, "अक्का, झोप लागती त्येंना." ती म्हनली, "मेल्यावर लईच लागंल." तिच्याशी वाद घालायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

एक दिवस मी कारखान्यातनं आले तर सायेब मालकांच्या दाराशी उभे. दार आतनं लावलेलं. त्ये सांगत व्हते, "आक्का, कूलरचा आवाज बदललाय. त्याला श्वास पुरत नाही. खिडकी लावलीत का तुम्ही?"

आतनं अक्का, "बायामान्सं हायत आत. तुमी निगा हितनं."

"आक्का, खिडकी तेवढी उघडा."

"तुमचा भाऊ हाय का माझा?"

मी हाक मारली तवा तिनं कडी काढली. दार उघडलं आन् तोंडावर वाफ आली, भाताच्या पातेल्याचं झाकन काढल्यावानी. समोरची खिडकी बंद, फटीत चिंध्या कोंबलेल्या. कूलर घरघरत व्हता. मालकांच्या कानाला मफलर, अंगावर चादर, आन् आंग समदं निथळत व्हतं. डोळं अर्धं उघडं, पर बघत नव्हतं. अक्का सोता घामानं भिजलेली, पर तोंडावर समाधान. म्हनली, "बघ की, कसा घाम फुटलाय. कवाधरनं कोरडाठाक व्हता. रोग भाईर पडतोय त्येचा."

सायबानं तिला बाजूला केलं न्हाय, वळसा घालून गेले. चिंध्या उपटल्या, खिडकी ढकलली, चादर वढून काढली. हाताची पाठ मालकांच्या मानेला लावली आन् मला म्हनले, "रिक्षा." एवढंच.

सरकारी दवाखान्यात बरेच दिवस गेले. उष्माघात झाला, अंगाची भट्टी झाली म्हनले डाक्टर, आनखी उशीर केला असता तर आनायचं कारन नव्हतं. सलाईन चालू. मी खालीच फरशीवर झोपायची. अक्का दाराशी बसून पदर तोंडात धरून रडायची, पर रडता रडता बी म्हनायची, "वाऱ्यानंच झालं. त्या मुडद्यानं खिडकी उघडली आन् घामावर गार वारं लागलं." तिला तसंच दिसलं व्हतं, तिची काय चूक. जे दिसतं तेच मानूस धरून बसतं.

मालक वाचले. घरी आनलं. पर आता काय करायचं? मी कामाला न जाऊन भागत नव्हतं आन् घरात अक्काच ऱ्हानार. ती परत खिडकी लावनार, हे मला सूर्यावानी दिसत व्हतं. तिला घरी जा म्हनायचं तर कुठल्या तोंडानं? त्येंच्या आईच्या जागी ती.

मी सायबाला म्हनलं, "तुमी समजावून सांगा की. नळकांडी दाखवा."

सायेब म्हनले, "नळकांड्यांनी कुणी समजत नाही, बाई. मी आयुष्यभर दाखवली."

दुसऱ्या दिवशी भर दोपारी त्येंनी मालकांना खाटेसकट शमाभाभीच्या पडवीत हलवलं. आमच्या खोलीत दुसरी खाट टाकली. आन् अक्कापुढं हात जोडून उभे ऱ्हायले. मी त्येंना कुनापुढं हात जोडलेलं पयल्यांदाच बघितलं.

"आक्का, तुम्ही म्हणता तसंच करू. खिडकी लावू, फटी बुजवू, कूलर चालू. कानाला मफलर, अंगावर चादर. फक्त एकदा तुम्ही इथं झोपा. तुमचा भाऊ झोपतो तसं. उजवा हात हलवायचा नाही. कूस बदलायची नाही. पाणी मागायचं नाही. बोलायचं नाही. मी दाराबाहेर बसतो, बाई आत बसतील. तुम्हाला सुखाची झोप लागली तर मी माझी खोली सोडून जातो."

अक्का म्हनली, "त्यात काय! माझ्या भावासाठी मी इस्तवात झोपंन." आन् झोपली. मी चादर टाकली, मफलर बांधला, चिंध्या कोंबल्या.

आधी ती छताकडं बघत व्हती, हट्टानं. मग कपाळावर दवासारखे थेंब आले. त्यातला एक डोळ्यात गेला. तिनं डावा हात उचलला, पुसला. मग पाठीला कायतर खाजलं असंल, आंग ताठ झालं, पर वळली न्हाय. सबुदाची पक्की बाई. व्हट कोरडं पडलं तशी जीभ फिरवाय लागली आन् माझ्याकडं बघाय लागली. नुसती बघत व्हती. आन् ती नजर मी रोज बघत आलेली व्हते. तेच डोळं, भावाभनीचे. दोपारी कामावरनं आल्यावर मालक माझ्याकडं बघायचे तसंच. मला वाटायचं त्ये माझी वाट बघत व्हते म्हनून बघत्यात.

मी तांब्या उचलला. अक्का उठून बसली. चादर फेकून दिली. पानी घेतलं न्हाय. तशीच खिडकीशी गेली, चिंध्या काढल्या, दोन्ही दारं भिंतीपतुर उघडली आन् गजाला डोस्कं टेकून उभी ऱ्हायली. म्हनली, "बाळ्या, तुला बोलता येत नव्हतं रं." मालक तवा पलीकडं पडवीत व्हते, त्येंना ऐकू गेलं का न्हाय कुनास ठाऊक.

भाईर सायेब उठले, धोतर-लेंगा काय व्हतं ते झटकलं आन् आपल्या खोलीत गेले. अक्का त्येंच्याशी पुढं कवा गोड बोलली न्हाय. पर त्या दिसापास्नं रोज दोपारी ती त्या खिडकीशी बसायची, हाताची पाठ फटीला धरून, वारं भाईर जातंय का बघत. पावनं आलं की तीच दारात उभी ऱ्हायची. "दोघं आत. बाकीची हितं बसा, च्या हितंच देते."

उन्हाळा निघाला. मालक निघाले. पुढं पौषात, थंडीत गेले, रात्री झोपेतच. त्येला कुनाचा इलाज नव्हता. सायेब त्येच्या आधीच समुद्राकडं परत गेले व्हते. जाताना खोली झाडून दिली, दोन्ही नळकांडी पिशवीत घातली आन् आमच्या पत्र्याला एकदा हाताची पाठ लावली. पुढं कळलं न्हाय काय झालं त्येंचं. जित्ते असले तरी लई थकले असतील. मी बी थकले.

माझं म्हननं लई मोठं न्हाय. ज्येंच्या घरात कुनी पडून हाय, म्हातारं, बाळंतीन, लकव्याचं, कुनी बी, त्येंनी एक दिवस भर दोपारी त्येंच्या जागेवर, त्येंच्याच हातरुनावर आडवं व्हावं. बोलू नये. हलू नये. पानी मागू नये. जेवढं सोसंल तेवढं पडून ऱ्हावं. मग उठून काय करायचं त्ये तुमचं तुमाला कळंल. एवढं करा.